एक ठोका म्हणजे ये

१

हापालांच्या घरात दारू मोजणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही. बाटलीतली दारू मोजत असेल तर खुशाल मारा, तो काही ऐकायचा नाही. पण बंदुकीची दारू मोजत असेल तर नाही म्हणजे नाही, छपराला आग लागली तरी नाही. तळघराच्या जिन्याच्या वरच्या टोकाला एक लाकडी खांब आहे. त्यावर दोनदा ठोकायचं आणि तोंड मिटून उभं राहायचं. खाली बसलेल्याने हातातलं काम पुरं करायचं आणि मगच बाकावर एकदा ठोकायचं. दोन ठोके म्हणजे मी आलोय. एक ठोका म्हणजे ये.

ही रीत ओरिनच्या बापाने घातली. ओरिन तीतच वाढला, त्याची लेक केराही तीतच वाढली. आर्डिस या घरात सून म्हणून आली तेव्हा तिला हसू आलं होतं. आता पन्नाशी उलटल्यावर तीच ही रीत सगळ्यांत कडक पाळत होती. सासरच्या खोडी अशाच अंगात मुरतात, आणि मुरल्यावर त्या आपल्याच वाटायला लागतात.

रीत उगाच नव्हती. ओरिनची शिकारीची बंदूक अंगठ्याएवढी जाड गोळी टाकते. एकदा झाडली की रिकामी पुंगळी आपणच बाहेर फेकते आणि दुसरं काडतूस आपणच आत ओढते. फेकताना पुंगळीच्या अंगावर चंद्रकोरीएवढा पोचा पाडते. पाचोळ्यात शंभर पुंगळ्या पडल्या असत्या तरी आर्डिसने तो पोचा बघून आपल्या तेवढ्या वेचल्या असत्या. वेचायच्या, धुवायच्या, तळाला नवी टिकली बसवायची, दारू भरायची, वर गोळी दाबायची. गावातली अर्धी घरं हेच करतात.

पण एका पुंगळीत दारू घालायची राहून गेली, तर टिकलीच्या जोरावर गोळी नळीत निम्मी जाते आणि अडकते. आवाज फुसका येतो. बंदूक पुढचं काडतूस ओढत नाही. समोर हरीण उभं असतं, माणूस घाईत हाताने काडतूस ओढायची मूठ मागे खेचतो, दुसरं काडतूस आत ढकलतो आणि चाप ओढतो. दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आपटते. आणि जिथे गाल टेकवलेला असतो तिथेच लोखंड फाटतं.

यंदा त्या लोखंडाला केराचा गाल लागणार होता. ओरिनच्या खांद्याचं उन्हाळ्यात ऑपरेशन झालं होतं, आणि बंदुकीचा धक्का खाल्लास तर हात काखेतून कापावा लागेल असं डॉक्टरने सांगितलं होतं. म्हणून बापाच्या मचाणावर पहिल्यांदा लेक बसणार होती.

त्या दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरातली पातेली घासून आर्डिस घरी आली आणि तळघरात बसली. पुढ्यात भोकाभोकांचा लाकडी ठोकळा होता. रिकाम्या पुंगळ्यांचं तोंड खाली, भरलेल्यांचं तोंड वर. यात चूक होत नाही. यात चूक करणारा माणूस दुसऱ्यांदा चूक करायला उरत नाही.

ठक ठक.

तिने मान वर केली नाही. हातातली पुंगळी भरली, तोंड वर करून ठेवली, आणि बाकावर बोटाच्या पेराने एकदा ठोकलं. हात आपोआप गेला.

कोणी आलं नाही.

थोडं थांबून ती वर गेली. ओरिन स्वयंपाकघरात डाव्या हाताने बटाटे सोलत होता.

"काय हवं होतं?"

"कुणाला?"

"तुला. ठोकलंस ना आत्ता."

"एक हात गळ्यात बांधलाय, दुसऱ्यात बटाटा आहे. कपाळाने ठोकू?"

"मग कुणी ठोकलं?"

"बॉयलर असेल. थंडी पडली की तो बायकोसारखा कुरकुरतो."

"बायको कुरकुरत नाही, काडतुसं भरते. साल जाड काढू नकोस, पेस्टीच्या सारणात घालायला बटाटा उरू दे."

ती परत जिना उतरायला लागली आणि मधेच थांबली. खांबावरचा ठोका वरून येतो आणि पोकळ वाजतो, वीस-पंचवीस वर्षं तो तिच्या कानात बसलाय. हा वरून आला नव्हता. हा गुडघ्याच्या उंचीवरून आला होता.

२

बाकाच्या मागे भिंतीत एक बुटकं दार आहे. पलीकडे जुनं बटाट्याचं भुयार. आर्डिसच्या सासूच्या काळात तिथे वर्षाचे बटाटे राहायचे. आता तिथे काहीच राहत नाही.

आर्डिसने आधी त्या दाराकडे बघितलं नाही, ठोकळ्याकडे बघितलं. शेवटच्या ओळीत, जिथवर ती पोचलीच नव्हती, एका पुंगळीचं तोंड वर होतं. बाजूच्या सगळ्या उपड्या. ही एकटी उताणी, आणि गळ्यापर्यंत भरलेली.

ती बसली नाही. उभ्या उभ्या तिने स्वतःला विचारलं, की बाई, तूच भरलीस का ही?

भरली असेल. तिची आई युनिस अशीच होती. आधी कॉफीत मीठ घातलं, मग सॉनाच्या वाफेत कोट घालून बसली, मग एक दिवस आर्डिसलाच विचारलं, की तू कुणाची गं. तेव्हा युनिसचं वयही असंच होतं, काही फार नव्हतं. लोक म्हातारपण म्हातारपण म्हणतात. हे विसरणं म्हातारपणाची वाट बघत नाही.

तिने ती पुंगळी डब्यात ओतली. मग खाली वाकून बुटकं दार उघडलं. टॉर्च मारला. मातीची जमीन, रिकाम्या फळ्या, कोपऱ्यात एक फुटकं टोपलं. उंदराचं पाऊलसुद्धा नाही. वास मात्र मातीचा नव्हता. पितळ ओल्या मुठीत बराच वेळ धरलं की हाताला येतो, तो वास होता.

दार लावून तिने बर्फ वितळायला रस्त्यावर टाकायच्या मिठाचं पोतं त्याला टेकवलं. चांगलं जड पोतं. ते ओढताना ती स्वतःलाच शिव्या देत होती.

३

दुसऱ्या दिवशी गोळ्या दाबून झाल्या. गोळी बसवायच्या आधी तिने एकेका पुंगळीत टॉर्च मारून बघितलं होतं. प्रत्येकीत करडी दारू सारखी बसलेली होती. तरीही तयार काडतूस ती कानाशी नेऊन हलवायची. आत रव्याच्या डब्यासारखी सळसळ होते. ती ऐकली की मनाला बरं वाटतं.

सळसळ. खाली ठेवलं. सळसळ. खाली ठेवलं.

पुढचं तिने कानाशी नेलं. अजून हलवलंही नव्हतं.

ठक ठक.

आवाज बारीक होता. अंगठ्याएवढ्या खोलीत कुणी राहत असेल आणि त्याने आतून दारावर ठोकावं, तेवढा.

तिने काडतूस फेकलं नाही. फेकण्यातली ती बाई नव्हती. गोळी उपसायचा हातोडा असतो, त्याच्या डोक्यात तिने काडतूस अडकवलं आणि हातोडा जमिनीवर आपटला, पुन्हा आपटला. गोळी सुटली. पुंगळी तिने पांढऱ्या कागदावर उपडी केली.

काही पडलं नाही. एक कण नाही. आतून पितळ चाटूनपुसून लख्ख होतं, जेवून धुऊन ठेवलेल्या ताटासारखं.

ती ते घेऊन वर गेली आणि ओरिनसमोर टेबलावर ठेवलं.

"ही मी केराला देणार नाही. एकही नाही."

ओरिनने पुंगळी डोळ्याला लावून बघितली. "एक राहून गेली, आर्डिस. म्हणून तर हलवून बघतो आपण. सापडली ना?"

"राहून गेली नव्हती. मी बघितलं होतं आत."

"बरं, मग विकतची आणू. दुकानातला माणूस मला हसेल आणि सांगेल, की या मापाची ऑगस्टमध्येच संपली. पोरीने काय, बटाटे मारायचे हरणाला?"

"पुढच्या वर्षी जाईल."

"ती शहरातून सुट्टी काढून येतेय. बारा वर्षांची होती तेव्हापासून त्या मचाणावर डोळा आहे तिचा." त्याने पुंगळी खाली ठेवली. "तुला काडतुसांची भीती वाटत नाहीये. तुला वाटतंय तुझं युनिससारखं होतंय."

आर्डिसने कॉफी ओतली आणि द्यायच्या आधी चव घेऊन बघितली. ओरिनने ते बघितलं आणि मान फिरवली.

"केराला शेजारी बसव," तो हळू म्हणाला. "सगळी फोडा, सगळी परत भरा. चार डोळे चुकत नाहीत."

ठोक्यांचं ती बोललीच नाही. पुंगळी रिकामी निघाली हे सांगता येतं. ती बोलली हे कसं सांगणार?

४

केरा आली ती बर्फ झाडत, बापासारखीच मोठमोठ्याने बोलत. सगळं ऐकून घेतलं आणि आईच्या शेजारी स्टूल ओढून बसली.

"म्हणजे मी आता तुझा चष्मा."

"चष्मा बोलत नाही."

"चष्म्याला कॉफी पण मिळत नाही वाटतं."

आर्डिसने दारू टाकायची, केराने टॉर्च मारून "आहे" म्हणायचं, मगच गोळी बसवायची. काम छान चाललं. लेकीचा खांदा खांद्याला लागत होता आणि आर्डिसच्या मानेतला ताण हळूहळू उतरायला लागला. चार डोळे असले की बॉयलर बॉयलरच वाटतो.

ठक ठक.

केराने मान वर केली नाही. घरचीच पोर ती. हातातल्या पुंगळीत बघितलं, "आहे" म्हणाली, आणि तिचा हात बाकावर ठोकायला उचलला गेला.

आर्डिसने तो मनगटात धरला.

"आई, दुखतंय."

"ठोकू नकोस."

"अगं, बाबा आहेत. ताटकळत उभे असतील."

"खिडकीत बघ."

तळघराची खिडकी जमिनीलगत आहे. काचेपलीकडे ओरिनचे बूट बर्फात उभे होते आणि कुत्र्याच्या भांड्यात पाणी पडत होतं. बूट वळले, दोन पावलं गेले, थांबले.

ठक ठक.

या वेळी बुटक्या दारातून नाही आलं. बाकाच्या लाकडातून आलं, दोघींच्या तळव्यांना जाणवलं. केराने हात पटकन मांडीवर घेतले.

"पाइप असेल," ती म्हणाली. मग बाकाखाली वाकून बघत, "आई, पाइप आहे ना?"

"तोंड मिट आणि बघत राहा."

हे ती रागाने म्हणाली. घाबरली की ती रागावते. उठून पळाली असती तर बरं, असं पुढे तिला वाटणार होतं. पण अर्धवट भरलेला ठोकळा सोडून उठायचं नसतं, आणि ती रीतही तिच्या हाडात होती. दोघींनी सगळी भरली. सगळी हलवली. सगळी सळसळली. केराने त्यातली निवडून मॅगझिनमध्ये, म्हणजे बंदुकीला खालून चढवायच्या काडतुसांच्या पेटीत, दाबली, वरून थाप मारली.

तेवढ्यात खांबावर, वर, पोकळ आवाजात दोन ठोके पडले. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. कुणीच उत्तर देईना. पुन्हा दोन ठोके. मग हापालांच्या घरात जे कधीच झालं नव्हतं ते झालं. ओरिन ओरडला.

"मेलात का दोघी? पेस्ट्या थंड झाल्या."

केरा इतकी हसली की तिला उचकी लागली. आर्डिसही हसली. दोघी धावत वर गेल्या, सलगमाची पेस्टी केचपबरोबर खाल्ली, पेस्टीवर केचप ओततो म्हणून ओरिनला बोलणी बसली, की त्याचा बाप असता तर ताट फेकलं असतं. आणि मॅगझिन बाकावरच राहिलं.

जेवण झाल्यावर आर्डिस ते आणायला गेली. जिथे होतं तिथेच होतं. दाबून भरलेलं काडतूस हलवून बघता येत नाही. सगळी परत काढावी का, असं तिच्या मनात आलं. वरून केराने हाक मारली, "आई, आता चष्मा झोपायला जातोय," आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता, की आर्डिसने मॅगझिन उचललं आणि दिवा मालवला.

मिठाचं पोतं दारापासून हातभर लांब होतं. ते तिने बघितलं. ओरिनने सरकवलं असेल म्हणाली. एका हाताने.

५

मचाण म्हणजे चार खांबांवर ठेवलेलं प्लायवुडचं खोकं. खालून शिडी, तळात झडप, समोर कापलेली फट. दोघी अंधारात निघाल्या होत्या. पोचेपर्यंत झाडांमध्ये राखाडी उजेड उतरला होता. वाटेत केराच्या कोटाच्या खिशात मॅगझिन पावलागणिक किटकिटत होतं. तसं ते किटकिटतंच.

शिडीपाशी केरा थांबली. पावलं थांबली. खिशात अजून दोनदा वाजलं.

"ते मॅगझिन दे इकडे," आर्डिस कुजबुजली.

"वर जाऊन देते."

वर गेल्यावर झडप पूर्ण बसली नाही, बर्फ अडकला होता. चार बोटांची फट राहिली. केराने बंदुकीत मॅगझिन चढवलं, कारण हात रिकामा करायला दुसरी जागाच नव्हती, आणि आर्डिस "आधी काढ" म्हणणार तोच केराने दोन बोटं वर केली. गप.

देवदारांच्या कडेला नर उभा होता. डोक्यावर झुडूप वाढल्यासारखी शिंगं. नाकातून वाफ. केराने मूठ ओढून सोडली, गाल लोखंडाला लावला. आर्डिसला तिची पाठ दिसत होती. अशीच ती लहानपणी वहीवर वाकायची, जीभ बाहेर काढून.

आता बोलावं तर नर जाणार. पोरीची इतक्या वर्षांची वाट जाणार, आणि ती का बोलली तर खिशात काहीतरी वाजलं म्हणून. युनिसही शेवटी हेच सांगायची, भिंतीत वाजतंय म्हणून.

चाप ओढला.

फुस्स.

बाटलीचं बूच निघावं तसा आवाज. बंदूक हलली नाही. पुंगळी उडाली नाही. नर अजून तिथेच, कान टवकारून. केरा दातांत काहीतरी पुटपुटली आणि तिचा हात मुठीवर गेला.

ठक ठक.

लाकडावर, जवळून. केरा वळली नाही. तिला वाटलं आईच आहे मागे. आणि ठोके ऐकले की हातातलं काम पुरं करायचं, मग वळायचं, हे तिला रांगायला यायच्या आधीपासून शिकवलेलं होतं. आर्डिसचंही तोंड मिटलं. आपोआप मिटलं. पंचवीस वर्षांची रीत जबड्यात बसली होती आणि जबडा उघडेना. तिने बघितलं, की मूठ मागे जातेय, नवं काडतूस वर येतंय, लेकीचा गाल पुन्हा खाली येतोय.

"केरा."

तो आवाज ओरडल्याचा नव्हता. काहीतरी फाटल्याचा होता. नर उडी मारून गेला. केराचं बोट चापाजवळ थांबलं.

६

आर्डिसने बंदूक हिसकावली. मॅगझिन काढलं, आतलं काडतूस पाडलं, मागून नळीत डोळा लावला आणि तोंड फटीतल्या उजेडाकडे धरलं. नळीच्या टोकाला नाण्याएवढा उजेड दिसायला हवा. दिसला नाही. आत गोळी बसली होती.

तिने केराला दाखवलं. केरा बराच वेळ बघत राहिली. मग तिने हातमोजा काढून स्वतःच्या गालाला हात लावला, आहे ना म्हणून.

"तू हाक मारलीस," ती म्हणाली.

"मारली."

"जन्मात पहिल्यांदा."

"रड नंतर. आधी खाली उतरू."

केरा हसली, डोळे पुसले. "पण आधी ठोकलंस कशाला? तेवढ्यात मी ओढला असता चाप."

आर्डिसने नाही अशी मान हलवली. केराने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू हळूहळू गेलं.

"आई, ते कुठून आलं?"

दोघींनी खाली बघितलं. पायाखालच्या प्लायवुडकडे.

आता हे लक्षात घ्या, की आर्डिसचं लक्ष बंदुकीवर नव्हतं. लेक वाचली होती. आर्डिसने बंदूक कोपऱ्यात टेकवायला खाली सोडली, आणि दस्ता प्लायवुडवर आपटला.

ठक.

एकदाच.

जंगलात काही हललं नाही. कावळासुद्धा नाही. मग शिडीची सगळ्यांत खालची पायरी वाजली. वजन पडलं की ती वाजते, ओरिन ती दर वर्षी ठोकून बसवायचा. मग तिच्या वरची. चढणाऱ्याला घाई नव्हती. बोलावलेल्या माणसाला नसतेच.

झडपेच्या फटीत पितळ चमकलं. एक पुंगळी कडेवर आली आणि सरळ उभी राहिली. अंगावर चंद्रकोरीएवढा पोचा होता. तोंड वर होतं, आणि ती काठोकाठ करड्या दारूने भरलेली होती. ठेवणारी बोटं क्षणभर दिसली. लांब नव्हती, काळी नव्हती. फक्त सगळी उलट्या बाजूला वाकत होती.

बोटं खाली गेली. दुसरी पुंगळी आली, पहिलीच्या शेजारी, नीट एका रेषेत. रिकामी होती ही. मग फटीतून हळूहळू, कण न सांडता, दारू पडायला लागली.

केराने श्वास ओढला आणि तिचं तोंड किंचाळायला उघडलं. आर्डिसने तिला छातीशी ओढलं आणि त्या तोंडावर तळहात घट्ट दाबला. मोजणाऱ्याला हाक मारायची नसते.